दोन रोलमधून जाणारा माल: कॅलेंडरचं गणित पहिल्यांदा मांडताना

गुऱ्हाळावर चरकात ऊस सारणारा माणूस एका वेळी मोजकीच कांडकी सारतो. जास्त सारली की इंजिनाचा आवाज जड होतो, कारण दोन रोलमध्ये शिरणारी वस्तू रोलना एकमेकांपासून दूर ढकलत असते. सांगली-मिरजेकडच्या पोरांना हे सांगावं लागत नाही, त्यांनी ते कानाने ऐकलेलं असतं. कॅलेंडर म्हणजे गरम रोलमध्ये माल दाबून त्याची शीट काढणारं यंत्र. त्यावर वितळलेलं पीव्हीसी दोन रोलमधून जातं तेव्हाही हेच घडतं. फरक इतकाच की इथे तो ढकलणारा जोर किती, तो नेमका कुठे असतो आणि बाहेर येणारी शीट किती जाड असेल, हे कागदावर आधी काढता येतं.

कुपवाडच्या एमआयडीसीत पीव्हीसी शीटच्या लाईनवर मी बरीच वर्षं काढली. रेक्झीन, टेबलावरचे कव्हर, रेनकोटचं कापड, असा माल. डिप्लोमा करून आलेली मुलं आणि प्रोजेक्टसाठी येणारे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी पहिल्याच दिवशी विचारतात, ‘सर, कुठलं सॉफ्टवेअर वापरायचं?’ माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी एक्सेलचं एक पान. ते पान ज्याला जमलं, त्याला पुढे सॉफ्टवेअरने दिलेलं चुकीचं उत्तर ओळखता येतं. म्हणून हा लेख त्या एका पानाबद्दल आहे.

एक खुलासा आधीच करतो. शेततळ्यात अंथरतात तो कागद बहुतेक वेळा एक्स्ट्रुजनचा, म्हणजे साच्याच्या फटीतून ढकलून काढलेला असतो, कॅलेंडरचा नव्हे. इथलं गणित त्याला लावू नका.

आधी मशीनपाशी जा

वही घ्या आणि पाच आकडे लिहून आणा: रोलची त्रिज्या, रोलच्या पृष्ठभागाचा वेग, शेवटच्या दोन रोलमधला गॅप, मालाचं तापमान आणि शीटची रुंदी. पहिले दोन सोपे आहेत. वेग मात्र फेऱ्यांवरून मीटर प्रति सेकंदात आणायचा आणि तो रोलच्या पृष्ठभागाचाच घ्यायचा. पुढच्या कूलिंग ड्रमचा वेग जास्त असतो, कारण शीट थोडी ओढून घेतलेली असते. तो वेग इथे घातला की सगळं बिघडतं.

गॅप हा सगळ्यांत फसवा आकडा. पॅनेलवर दिसतो तो स्क्रूच्या हालचालीवरून काढलेला असतो. रोल तापले की फुगतात आणि माल शिरला की मागे सरतात. शिशाची मऊ तार निपमधून, म्हणजे दोन रोलमधल्या अरुंद फटीतून, काढून तिची जाडी मोजतात, ती पद्धत चांगली आहे, पण हे काम ऑपरेटरचं. नवख्याने रोल आत ओढतात त्या बाजूला हात, चिंधी, ओळखपत्राची दोरी, काहीही न्यायचं नाही. दिवसातून शंभरदा तिथून जाणाऱ्या माणसाचीही तिथे नजर चुकते आणि रोलला थांबायला क्षण लागतो तेवढ्यात हात गेलेला असतो. इमर्जन्सी स्टॉपची दोरी कुठे आहे ते आधी पाहा, तपासलेली आहे का ते विचारा, मगच वही उघडा.

रोलच्या तोंडाशी जो माल साठून फिरत असतो त्याला लाईनवर बँक म्हणतात. ती दुरूनच नीट पाहून घ्या. केवढी आहे, सारखी फिरते आहे का, रुंदीभर एकसारखी आहे का. ही निरीक्षणं पुढे गणितात उपयोगी पडतात.

काय गृहीत धरतो

रोलने शीट काढायची कल्पना जुनी आहे. रबरासाठी अमेरिकेत एडविन चाफी यांनी १८३६ साली असं यंत्र पेटंट केलं. गणित मात्र बऱ्याच उशिरा आलं. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली बेअरिंगमधल्या तेलाच्या पातळ थराचं समीकरण मांडलं, आणि १९५० साली गॅस्केल यांनी तोच विचार कॅलेंडरमधल्या प्लास्टिकला लावला. दोन्हीकडे मूळ गोष्ट एकच: गॅप त्याच्या लांबीच्या मानाने फार अरुंद आहे, म्हणून माल जवळजवळ समांतर भिंतींमधून वाहतोय असं प्रत्येक ठिकाणी मानता येतं.

याशिवाय आपण धरतो की माल रोलला चिकटूनच फिरतो, घसरत नाही. प्रवाह स्थिर झालेला आहे. रुंदीच्या दिशेने काही बदलत नाही. आणि तूर्तास श्यानता, म्हणजे व्हिस्कॉसिटी, सगळीकडे सारखी आहे. हे शेवटचं गृहीतक धडधडीत खोटं आहे. ते पुढे आपण सोडणार आहोत, पण सुरुवात त्याच्यापासूनच करायची.

पान मांडणं

अक्षरं ठरवू. त म्हणजे रोलची त्रिज्या, व म्हणजे पृष्ठभागाचा वेग, श म्हणजे श्यानता. ग म्हणजे सगळ्यांत अरुंद जागेचा अर्धा गॅप. अर्धा का, तर वरचा आणि खालचा भाग सारखाच असल्याने मधल्या रेषेपासून एकाच रोलपर्यंत मोजलं तरी पुरतं. नवीन मुलांची निम्मी गणितं इथेच चुकतात: गॅप अर्धा करायचा राहतो आणि उत्तर दोन-तीन पट खाली येतं.

दोन रोल वेगवेगळ्या वेगाने फिरत असतील तर व म्हणून सरासरी वेग घ्या. व्यास वेगळे असतील तर दोन त्रिज्यांच्या व्यस्तांची सरासरी काढून तिचा व्यस्त घ्या.

निपजवळ रोलची गोलाई पॅराबोलासारखी धरता येते. मध्यापासूनचं अंतर √(२ × त × ग) ने भागलं की एक बिनएककाचा आकडा मिळतो. त्याला स म्हणू. माल येतो त्या बाजूला स ऋण, जातो त्या बाजूला धन. मग कुठल्याही ठिकाणचा अर्धा गॅप होतो ग × (१ + स²). शीट रोलपासून सुटते ती जागा स = ल, म्हणजे शीटची जाडी पूर्ण गॅपच्या (१ + ल²) पट. या सुटण्याच्या जागी दाबही शून्य आणि दाबाचा चढउतारही शून्य.

आता एक्सेलमध्ये पहिल्या स्तंभात स चे आकडे घाला, −४ पासून ल पर्यंत, ०.०२ च्या टप्प्याने. पुढच्या स्तंभांत:

क = स ÷ (१ + स²) + एटॅन(स)

फ = क ÷ २ − (१ + ल²) × [स ÷ (४ × (१ + स²)²) + ३ × क ÷ ८]

दाब = गुणक × (स पाशी फ − ल पाशी फ)

गुणक = (३ × श × व ÷ ग) × √(२ × त ÷ ग)

एटॅन म्हणजे व्यस्त टॅन, तो रेडियनमध्ये. ल साठी वेगळा एकच रकाना ठेवा, म्हणजे तो बदलून पाहता येईल.

पुस्तकं इथे सांगतात की बँकेची जागा द्या आणि ल शोधा. नवख्याने उलटं करावं असं माझं मत आहे. ल चा अंदाज घाला आणि दाब मागे कुठे शून्य होतो ते पाहा. जिथे शून्य होतो, तीच बँकेची कड. काहीही सोडवावं लागत नाही, फक्त आलेख पाहायचा.

ल = ०.३५८ घाला. दाब स = −१ पाशी शून्य होतो. तिथे गॅप मधल्या गॅपच्या दुप्पट, म्हणजे बँक अगदीच लहान. शीट गॅपच्या १.१२८ पट जाड. आता ल = ०.४६४ करा. बँकेची कड स = −३ ला जाते, तिथे गॅप दहापट आहे आणि शीट १.२१५ पट. ल आणखी वाढवत ०.४७५ ला नेलं की कड अनंतावर पोचते आणि शीट १.२२६ पट होते. त्यापुढे ल वाढवलात तर दाब मागे कधीच शून्य होत नाही, म्हणजे तसा प्रवाह शक्य नाही.

या तीन आकड्यांपाशी मी मुलांना थोडं थांबवतो. बँक दुपटीवरून दहापटीवर गेली तर शीटची जाडी सुमारे पावणेआठ टक्क्यांनी बदलते. दहापटीवरून कितीही मोठी केली तरी एक टक्काही बदलत नाही. ज्या लाईनवर बँक बारीक ठेवून चालवतात आणि फीड थोडंही मागेपुढे होतं, तिथे गेज, म्हणजे शीटची जाडी, का नाचते याचं उत्तर या पानावर आहे. जाडी कमी-जास्त झाली की नवा ऑपरेटर आधी गॅपच्या स्क्रूकडे धावतो. पुष्कळदा बँक सारखी केली तरी काम भागतं. फार मोठी बँकही नको: माल तिथे जास्त वेळ रेंगाळतो, वरून थंड होतो, हवा धरतो, आणि पीव्हीसी जास्त वेळ उष्णतेत राहिलं की पिवळं पडायला लागतं.

आकडे घालून पाहू

रोलचा व्यास ३०० मिमी, म्हणजे त = ०.१५ मीटर. पूर्ण गॅप ०.५ मिमी, म्हणून ग = ०.०००२५ मीटर. वेग मिनिटाला १२ मीटर, म्हणजे सेकंदाला ०.२ मीटर. श्यानता १००० पास्कल-सेकंद धरू. बँक भरपूर आहे, तेव्हा ल = ०.४७५.

√(२ × त × ग) येतं ८.६६ मिमी. म्हणजे शीट निपच्या मध्यानंतर सुमारे ४.१ मिमीवर सुटते. सगळ्यांत जास्त दाब मध्यावर नसतो. तो मध्याच्या आधी, तितक्याच ४.१ मिमीवर असतो. मध्यावर त्याच्या बरोबर निम्मा उरतो. तुमच्या आलेखात शिखर मध्यावर आलं तर कुठेतरी चिन्ह चुकलंय.

गुणक ८.३१ कोटी पास्कल. शिखराचा दाब गुणकाच्या ०.१२७ पट, म्हणजे १०.५ मेगापास्कल. शॉपच्या भाषेत चौरस सेंटीमीटरला १०७ किलो. बँक लहान असती, स = −१ वाली, तर हाच दाब निम्म्याहून कमी झाला असता.

दाबाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे रोलना दूर ढकलणारा जोर. भरपूर बँकेसाठी त्याचं सूत्र सुटसुटीत निघतं: रुंदीच्या दर मीटरला १.२२ × श × व × त ÷ ग. आपल्या आकड्यांनी १४७ किलोन्यूटन, म्हणजे मीटरभर रुंदीला जवळजवळ १५ टन. एक्सेलमध्ये प्रत्येक दाबाला टप्प्याच्या खऱ्या लांबीने, म्हणजे ०.०२ × √(२ × त × ग) ने, गुणून बेरीज करा आणि हाच आकडा येतो का ते तपासा. बेरीज आणि सूत्र जुळत नसेल तर पुढे जाऊ नका. −४ च्या मागचा थोडासा भाग सुटतो, तेवढा फरक चालेल.

या १५ टनांनी रोल वाकतो. भरीव चिल्ड आयर्नचा (बाहेरून कठीण केलेल्या ओतीव लोखंडाचा) ३०० मिमीचा रोल, बेअरिंगमधलं अंतर १.३ मीटर धरलं तर शीटच्या कडेच्या मानाने मध्यभागी प्रत्येक रोल साधारण ५० मायक्रॉन वाकतो. दोन्ही मिळून ०.१ मिमी. आपला गॅप आहे ०.५ मिमी. म्हणजे शीट मध्ये जाड आणि कडेला पातळ, आणि तीही चांगली वीस टक्क्यांच्या आसपास! म्हणूनच रोलला मध्यभागी किंचित फुगवटा देऊन घासतात, रोल थोडे तिरपे ठेवतात किंवा टोकांना उलटा जोर देऊन वाकवतात. यातला कुठलाही उपाय ठरवायचा तर आधी जोराचा आकडा हवा. फुगवटा एकदा घासला की तो एकाच जोरासाठी बरोबर असतो. रेसिपी बदलली, वेग बदलला, की तो कमी किंवा जास्त पडतो.

बँक का फिरते हेही याच गणितात आहे. अर्धा गॅप शीटच्या अर्ध्या जाडीच्या तिपटीहून मोठा असतो तिथे मधला माल उलट्या दिशेने वाहतो: रोलजवळचा आत जातो, मधला परत येतो. आपल्या उदाहरणात ही जागा निपच्या मध्याआधी सुमारे १४ मिमीवर, गॅप १.८ मिमी असतो तिथे. बँक तिथपर्यंत पोचत नसेल तर ती फिरणार नाही. सुरुवातीला वहीत लिहिलेलं निरीक्षण इथे काढून पडताळा.

श्यानता कुठून आणायची

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, आणि मीही केली. पहिल्यांदा गणित मांडलं तेव्हा हाताशी होता तो कमी वेगाच्या चाचणीतला श्यानतेचा आकडा मी तसाच घातला. रोलवरचा जोर इतका आला की मशीनची फ्रेमच तुटायला हवी होती. मशीन मात्र शेजारी व्यवस्थित चालू होतं. दोन दिवस मी सूत्रातच चूक शोधत बसलो.

वितळलेलं प्लास्टिक जितकं जोरात घासाल तितकं पातळ होतं. म्हणून श्यानता ज्या घर्षण-वेगाला माल निपमधून जातो त्याच वेगाची हवी. हा शिअर रेट काढणं सोपं आहे: निपच्या मध्यावर रोलपाशी तो ०.६८ × व ÷ ग, म्हणजे आपल्याकडे सेकंदाला ५४० च्या आसपास. कॅपिलरी रिओमीटर हे श्यानता मोजायचं यंत्र, त्याच्या आलेखावर ५०० पाशी जो आकडा असेल तो घ्या, आणि तोही लाईनवरच्या तापमानाला, तुमच्याच रेसिपीचा. प्लास्टिसायझर दोन भाग वाढला किंवा कॅल्शियम कार्बोनेट बदललं की आलेख सरकतो. नुसत्या रेझिनच्या के-व्हॅल्यूवरून (रेणू किती लांब आहेत हे सांगणाऱ्या आकड्यावरून) अंदाज बांधू नका.

ही पातळ होण्याची सवय घात-नियमाने मांडतात. त्यात न हा घातांक येतो: श्यानता शिअर रेटच्या (न − १) व्या घाताच्या प्रमाणात बदलते. न = १ म्हणजे साधं तेल. समजा तुमच्या मालाचा न ०.३५ आहे. मग सेकंदाला ५०० वर १००० असलेली श्यानता १० वर सुमारे १२,७०० होते. माझा जोर कशाने फुगला ते यावरून कळेल.

घात-नियम धरला की जोर (व ÷ ग) च्या न व्या घाताच्या प्रमाणात वाढतो. साध्या तेलात वेग दुप्पट केला की जोर दुप्पट. आपल्या ०.३५ वाल्या मालात फक्त २७ टक्के जास्त. उत्पादन वाढवायचं ठरलं की मॅनेजर विचारतात, रोल टिकेल का? तेव्हा हा फरक सांगता आला पाहिजे.

घात-नियमाला वरचं बंद सूत्र चालत नाही. दाबाचा चढउतार पायरी-पायरीने जोडत जावा लागतो. स = ल पाशी शून्यापासून सुरू करून मागे मागे या. एक्सेलमध्ये होतं, पायथॉनमध्ये पंचवीस-तीस ओळींत होतं. नवीन प्रोग्रॅममध्ये पहिल्यांदा न = १ घालायचा आणि ०.४७५ परत येतो का ते पाहायचं. तो आला की मगच ०.३५.

तापमान

रोल फिरवायला लागणारी शक्ती शेवटी मालाच्या उष्णतेत जाते. आपल्या उदाहरणात दोन्ही रोलची मिळून ती मीटर रुंदीला साडेचार किलोवॅट येते. मालाची घनता १३०० किलो प्रति घनमीटर आणि विशिष्ट उष्णता १७०० जूल प्रति किलो प्रति अंश धरली तर माल एका निपमध्ये सरासरी १६-१७ अंशांनी तापू शकतो. रोलपाशी घर्षण जास्त, म्हणून तिथे आणखी. काही उष्णता रोल शोषून घेतात, पण वेग वाढवला की त्यांना वेळ मिळत नाही. १८० अंशांना चालणाऱ्या पीव्हीसीला हे १६ अंश लहान नाहीत. उष्णतेपासून पीव्हीसी जपणारा स्टॅबिलायझर कमी पडलेला असेल तर याच जागी ते दिसून येतं. श्यानता सगळीकडे सारखी हे गृहीतक इथे सोडावं लागतं: प्रत्येक टप्प्यावर तापमान नव्याने काढा आणि त्यानुसार श्यानता बदला.

जुळतंय का पाहणं

शीटची जाडी मायक्रोमीटरने मोजून गणिताशी ताडली तर बहुधा जुळणार नाही. सुटल्यावर माल किंचित फुगतो, पुढे ओढला जातो आणि थंड होताना आकसतो. वजन मात्र बदलत नाही. म्हणून दहा मिनिटांचा माल तोला, कडेचा ट्रिम धरून. आपल्या उदाहरणात मीटरभर रुंदीला तासाला सुमारे ५७० किलो, म्हणजे दहा मिनिटांत ९५ किलो यायला हवेत. वजन ठीक आलं तर गॅप आणि ल बरोबर आहेत. वजन जास्त आलं तर बहुतेक वेळा खरा गॅप पॅनेलवरच्यापेक्षा मोठा असतो, कारण रोल मागे सरलेले असतात.

वजन जुळल्यावर रुंदीत पाच ठिकाणी जाडी मोजा: दोन कडा, मध्य आणि अधलेमधले दोन बिंदू. मध्य आणि कडा यांतला फरक तुमच्या वाकण्याच्या आकड्याशी ताडा. रोलवरचा जोर मोजणारा लोड सेल असेल तर उत्तमच, नसेल तर मोटरचे अँपिअर दोन वेगवेगळ्या वेगांना लिहून ठेवा. वेग दुप्पट केल्यावर टॉर्क दुप्पट झाला नाही आणि थोडाच वाढला, तर त्या वाढीवरून न चा कच्चा अंदाज निघतो. रिओमीटर नसलेल्या लहान शेडमध्ये मी हीच युक्ती वापरतो.

हे सगळं जुळल्यावरही काही प्रश्न उरतात. बँक रुंदीभर सारखी नसते, कडेकडे माल पसरत जातो, शीटच्या पृष्ठभागावर कधी शार्कच्या कातडीसारखी खरखर येते. ते या पानात मावत नाही. त्यासाठी त्रिमितीय सॉफ्टवेअर लागतं. ओपनफोम फुकट मिळतं आणि शिकायलाही चांगलं आहे. त्यात पहिलं उदाहरण चालवाल तेव्हा रोलचा व्यास ३००, गॅप ०.५, वेग १२ आणि श्यानता कायम १००० ठेवा. शिखर मध्याच्या ४ मिमी आधी आणि १०.५ मेगापास्कलच्या जवळ आलं नाही, तर जाळी बारीक करण्याआधी सीमेवरच्या अटी तपासा. बहुतेकांची चूक शीट सुटते त्या कडेला असते, कारण तिथे ते दाब मध्यावरच शून्य करून टाकतात.